टेलची मुलं

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ‘टेल’, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतो. कालव्याचं पाणी बारामतीच्या शिवारातून इंदापूरच्या शेवटच्या गावांकडे सरकतं आणि तिथे पोचेपर्यंत आवर्तन संपत आलेलं असतं. शाळेतल्या तंत्रज्ञानाचा विचार करताना मला हाच शब्द आठवतो.

सुरुवातीची कल्पना साधी होती. चांगला शिक्षक खेड्यात पोचत नसेल, तर निदान त्याचा आवाज पाठवू. १९५३ मध्ये पुणे आकाशवाणी सुरू झाली, १९८४ मध्ये पुण्यातच शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी आली. आधी आवाज पोचला, मग चित्र. मुलानं मात्र फक्त ऐकायचं आणि बघायचं. ‘सर, हे कळलं नाही’ असं म्हणायला समोर कुणी नव्हतं.

संगणकानं ही उणीव भरून निघेल असं वाटलं. बारामतीत १९७२ पासून काम करणाऱ्या विद्या प्रतिष्ठाननं माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था काढली आणि संगणक बसवलेली बस गावोगावच्या शाळांपर्यंत नेली. हेडचं, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडचं, पाणी टँकरनं टेलला नेण्यासारखंच हे. टँकरला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तहान खरीच असते. पण बस निघून गेली की मुलाच्या हाती उरतो तो एका तासाचा अनुभव. पुढे सरकारी योजनांतून शाळांतच संगणक कक्ष झाले. भारनियमन आणि थकलेलं वीजबिल ही दोन कुलपं त्या कक्षांना बाहेरच्या कुलपाआधीच लागलेली असत.

मग ‘डिजिटल शाळे’ची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण पाहून राज्यभरचे शिक्षक पेटून उठले, गावकऱ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर आणले. ही लोकवर्गणी मला मनापासून आवडते. तरी एक गोष्ट खटकते. वर्गणी गावाच्या ऐपतीएवढीच जमते. उसाचं बिल येणाऱ्या बागायती गावाचं ठीक आहे. सुपे-मोरगावकडच्या जिरायती वाडीनं काय करावं? समानतेसाठी आणलेलं यंत्र गावागावांतला जुना फरकच भिंतीवर मोठा करून दाखवू लागलं.

यातून खरी वाट निघाली ती भीमेपलीकडे. इंदापूरची हद्द ओलांडली की माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावरच क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली. पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. यंत्र खोलीतून निघून मुलाच्या दप्तरात आलं, हे मला पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

पण त्याच २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि प्रश्न उरला की कोड वाचणारा फोन कुणाच्या खिशात? बापाच्या, आणि बाप कामावर. शेवटी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका सुरू झाली. म्हणजे फिरून दूरचित्रवाणीच. बालचित्रवाणीला तर त्याच्या तीनच वर्षं आधी टाळं लागलं होतं!

इथवर आपण शाळा मोजत आलो. किती शाळांत संगणक, किती वर्ग डिजिटल. मुलाला मोजायला गेलं की गणित बिघडतं. कालव्यानं ऊस आणला, उसानं कारखाने, कारखान्यांनी बीड-नगरकडचे तोडणी कामगार. आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलं. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या परिसरात दर हंगामात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. सोमेश्वरच्या भागात ‘कोपीवरची शाळा’ भरवणाऱ्यांनी टेलचं हे खरं मूल पाहिलं, हे त्यांचं श्रेय. हे मूल गावाकडच्या पटावर असतं, फडात असतं, इथल्या शाळेत नसतं. २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश देतो, दाखला नसला तरीही. त्याचं गावाकडे कुठपर्यंत शिकून झालं, हे इथल्या गुरुजींना एका क्लिकवर दिसावं, एवढं काम तरी तंत्रज्ञानानं करायला हवं. ते कुठल्याही प्रोजेक्टरपेक्षा स्वस्त आहे.

यंदा गळीत हंगामात बारामती-इंदापूरकडे एखादी डिजिटल शाळा पाहायला गेलात, तर फळा जरूर पाहा. मग मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: जवळच्या कोप्यांवरची किती मुलं आज वर्गात आहेत?