भांड्यावर नाव कोणाचे?

कुंभाराच्या अंगणात गेले असता एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. घागर असो, रांजण असो, की दिवाळीची पणती असो, तिच्यावर घडविणाऱ्याचे नाव कोठेही नसते. शाळा, धर्मशाळा, पाणपोई यांच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावांच्या फरशा बसविलेल्या दिसतात. परंतु ज्या घागरीतील गार पाणी आपण उन्हातून आल्याबरोबर पितो, तिचा कर्ता मात्र निनावी. हे योग्य की अयोग्य? मनुष्याने आपल्या हातच्या चांगल्या कामावर आपले नाव घालावे की न घालावे? प्रश्न दिसावयास लहान आहे; तथापि ज्याने त्याने तो स्वतःच्या मनास विचारला असता बराच खोल जातो, असा आम्हांस अनुभव आला आहे.

प्रथम कुंभाराचे काम काय ते पाहू. तो तळ्यातून अगर ओढ्याकाठून माती आणतो, वाळवितो, कुटतो, चाळतो, भिजत घालतो. मग तीत राख किंवा लीद मिसळून ती पायांनी तुडवितो. मातीत एक खडा राहिला तरी भांडे दगा देते. चाकावर मडक्यास आकार येतो तो थोड्याच वेळात. परंतु तेवढ्याने काम होत नाही. आतून दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने ते ठोकून ठोकून पातळ करावे लागते, सावलीत वाळवावे लागते, आणि शेवटी शेणी, पालापाचोळा घालून आव्यात भाजावे लागते. आवा उघडेपर्यंत कोणते मडके तरले व कोणते तडकले हे त्यालाही ठाऊक नसते. इतके सर्व श्रम, आणि नाव नाही!

आता दूरच्या देशातील एक उदाहरण वाचकांपुढे ठेवतो. इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतात सेंट आइव्झ म्हणून समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १९२० साली दोन मित्रांनी मिळून मातीची भांडी घडविण्याची कार्यशाळा काढली. एक बर्नार्ड लीच नावाचा इंग्रज, व दुसरा शोजी हमादा नावाचा जपानी. जपानात चढणीवर एकापुढे एक उंच होत जाणाऱ्या कोठड्यांची भट्टी बांधतात, तशी भट्टी पुढे त्या गावी बांधण्यात आली. लीच आपल्या हातच्या भांड्यावर आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा शिक्का उठवीत असे. पुढे तेथील शिकाऊ कारागीर मिळून रोजच्या वापराचे पेले व वाडगे करू लागले. त्यांवर कार्यशाळेचा सामाईक शिक्का तेवढा असे. हमादा मात्र काही वर्षांनी स्वदेशी परतून माशिको या गावी राहिला. तेथे १८५३ पासून स्वयंपाकघराची साधी भांडी होत आली होती. त्याच गावची माती व तिथल्याच दगडाची झिलई घेऊन त्याने आयुष्यभर काम केले, आणि परतल्यानंतर भांड्यावर नाव घालणे त्याने सोडून दिले. १९५५ साली जपान सरकारने त्याला देशातील श्रेष्ठ कारागिरांत गणून मोठा मान दिला. तरी भांडी निनावीच राहिली.

हे ऐकून कोणी म्हणेल, हीच खरी नम्रता. परंतु इतक्या त्वरेने निर्णय देऊ नये. हमादाची भांडी ज्या लाकडी खोक्यांतून जात, त्या खोक्यांवर तो आपली सही करीत असे. मग नाव एका दाराने घालवून दुसऱ्या दाराने आत घेतले, असे नाही काय झाले? उलट लीचने उघडपणे शिक्का मारला म्हणून तो गर्विष्ठ ठरतो काय? शिवाय निनावीपणात एक धोकाही आहे. ज्या मालावर कोणाचेच नाव नाही, तो फसवा निघाला तर जाब कोणास विचारावा? कित्येक लोक नम्रतेमुळे नव्हे, तर जबाबदारी टाळण्यासाठीच आपले नाव मागे ठेवतात. सभेत ठराव सर्वांचा आणि चूक कोणाचीच नाही, असा प्रकार आपण सर्वांनी पाहिला आहे. तेव्हा नाव असणे किंवा नसणे एवढ्यावरून मनुष्याची परीक्षा होत नाही, हे उघड आहे.

मग परीक्षा कशाने व्हावी? येथे आम्हांस आमचीच गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या गावी सेवा करीत होतो, तेथे मंडळीने श्रमदानाने विहीर बांधली. काम पुरे झाल्यावर एक दगड बसवावयाचा ठरले, आणि त्यावर पहिले नाव आमचे असावे असे काहींनी सुचविले. आम्ही वरवर नको म्हटले. पण मनातून आम्हांस ते हवे होते, आणि आमचा नकार मोडून काढण्यास लोकांना फार श्रम पडले नाहीत. दोन पावसाळे गेले आणि विहिरीचा कठडा एका बाजूने खचला. चुना कमी पडला होता, आणि देखरेख आमची होती. लोकांनी विचारले तेव्हा आम्ही काय उत्तर दिले? "ते काम गवंड्याचे."

त्याच आठवड्यात मंडळीतील एक बाई पाझरणारी घागर घेऊन कुंभाराकडे निघाली होती, आणि आम्ही सहज तिच्याबरोबर गेलो. कुंभाराने घागर हाती घेतली, काठावरून अंगठा फिरविला आणि म्हणाला, "माझ्याच हातची हाय, बाई. दुसरी घेऊन जा." तिच्यावर त्याचे नाव नव्हते. नाकारले असते तरी कोणी सिद्ध करू शकले नसते. आमचे नाव मात्र दगडात कोरलेले होते, आणि आम्ही नाकारून मोकळे झालो होतो! परत येताना त्या बाईने नव्या घागरीबद्दल पुष्कळ गोष्टी सांगितल्या. आम्ही त्यातील एकही ऐकली नाही.

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की, नाव दोन प्रकारे दिले जाते. एक मजुरी म्हणून, दुसरे जामीन म्हणून. मजुरी म्हणून घातलेले नाव म्हणते, "हे चांगले आहे, माझी स्तुती करा." जामीन म्हणून दिलेले नाव म्हणते, "हे बिघडले तर माझ्याकडे या." लीचचा शिक्का, कार्यशाळेचा सामाईक शिक्का, हमादाची खोक्यावरील सही, ही सर्व जामीन म्हणून असतील तर त्यांत दोष नाही. आमच्या गावचा कुंभार नाव न घालताही जामीन राहिला. आम्ही नाव घालून मजुरी तेवढी उचलली.

पुढच्या सभेत आम्ही ही गोष्ट मंडळीपुढे कबूल केली व कठड्याच्या दुरुस्तीचा खर्च आपल्याकडे घेतला. दगडावरील नाव खोडून टाकावे असे आमच्या मनात आले होते, परंतु एका वडील माणसाने सांगितले, "आता खोडाल तर पुन्हा पळाल्यासारखे होईल." म्हणून ते तसेच राहू दिले.

यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, हे आपण पुष्कळदा वाचतो. परंतु त्याच यहूदा देशात, हिज्कीया राजाच्या काळच्या रांजणांच्या मुठी जमिनीतून सापडल्या आहेत, हे थोड्यांस ठाऊक असेल. त्यांवरील शिक्क्यात कुंभाराचे नाव नाही. "राजाचे" एवढीच अक्षरे आणि हेब्रोन, सोखो, जीफ अशा एखाद्या गावाचे नाव आहे. ज्यांनी ते रांजण घडविले त्यांची नावे गेली; पण ज्याच्यासाठी घडविले त्याचे चिन्ह सुमारे सत्तावीसशे वर्षे टिकले.

तेव्हा, बंधुभगिनींनो, शाळेत धडा देताना, शेतात बांध घालताना, मंडळीचा हिशेब लिहिताना, आपले नाव वर येईल की नाही ही चिंता करू नये. चिंता एवढीच करावी की, उद्या कोणी पाझरणारी घागर घेऊन दारी आला, तर काठावरून अंगठा फिरवून "ही माझीच" असे म्हणण्याचे धैर्य आपल्या अंगी असेल काय?