मोजणी कुठल्या वर्षापासून?

लात्व्हियाबद्दल काहीही वाचायला घ्या, दोन आकडे हटकून समोर येतात. १९३५च्या जनगणनेत देशातले सुमारे तीन-चतुर्थांश लोक लात्व्हियन होते. १९८९च्या जनगणनेत ते ५२ टक्के उरले आणि रशियन ३४ टक्के झाले. आकडे खरे आहेत. पण ते असे शेजारी-शेजारी मांडले, की त्यांतून न बोलता एक निवाडा बाहेर पडतो: आधीचं ते मूळ, नंतरची ती भेसळ. मला प्रश्न पडतो तो त्या निवाड्याबद्दल.

आधी घडलं काय ते पाहू. १९३९पासून दोन वर्षांत तिथले जर्मन, म्हणजे सातशे वर्षांची वस्ती, हिटलरच्या हाकेवर बहुतेक सगळे निघून गेले. १९४० साली सोव्हिएत संघानं देश गिळला. १४ जून १९४१ रोजी सुमारे पंधरा हजार माणसं मालगाड्यांत कोंबून पूर्वेला धाडली गेली. मार्च १९४९मध्ये आणखी सुमारे बेचाळीस हजार. मधल्या नाझी अमलात सत्तर हजारांच्या आसपास ज्यू मारले गेले. त्यातले सुमारे पंचवीस हजार तर रिगाजवळच्या रुम्बुलाच्या जंगलात, ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ ह्या दोनच दिवसांत. ह्या कामाला स्थानिक हातही लागले होते. त्यानंतर रशिया, बेलारूस, युक्रेनमधून कारखान्यांसाठी मजूर आले, सैन्य आलं, अधिकारी आले आणि राहिले.

म्हणजे १९३५चं चित्र नुसतं पातळ झालं नाही, ते जागोजाग फाडलं गेलं. त्या वर्षी देशात त्र्याण्णव हजारांच्या आसपास ज्यू होते. ‘१९३५ सारखं प्रमाण’ हवं म्हणणाऱ्याच्या हिशेबात ते कुठे बसतात?

शिवाय १९३५च का? १८६७ साली रिगा शहरात सगळ्यात मोठा गट जर्मनांचा होता. लात्व्हियन पाव हिस्साही नव्हते. आणखी मागे गेलं तर किनाऱ्यावरचे लिव्ह लोक भेटतात. त्यांच्यावरून ह्या मुलखाला लिव्होनिया नाव पडलं, आणि २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या अडीचशेच्या घरात होती. मुळाचा शोध घेणाऱ्याला तळ लागत नाही.

पण इथे थांबून ‘सगळेच कधीतरी बाहेरून आले’ असं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. पायाभूत वर्ष निवडावं लागतं, म्हणून मालगाड्या खोट्या ठरत नाहीत. १९४९मध्ये सात वर्षांचं असताना सैबेरियात नेलेलं मूल १९९१मध्ये ४९ वर्षांचं होतं. त्याच्या राजधानीत, रिगात, लात्व्हियन आता ३६ टक्क्यांच्या आसपास उरले होते. जगात दुसरीकडे कुठेही जी भाषा टिकणार नाही, ती आपल्या घरी तरी टिकावी, ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. (ती भाषा आपल्या फार लांबची नाही. देवाला तिथे ‘दिएव्स’ म्हणतात आणि दिवसाला ‘दिएना’. ह्यावरून कुणी रक्ताचं नातं काढू नये, एवढंच.)

अडचण पुढची आहे. १९९१मध्ये स्वातंत्र्य परत मिळाल्यावर देशानं ठरवलं, की १९४०पर्यंतचे नागरिक आणि त्यांचे वंशज हेच आपोआप नागरिक. हा कायदा वंशावर बेतलेला नव्हता. सतराव्या शतकात धर्मछळातून पळून आलेल्या जुन्या पंथाच्या रशियनांचे वंशज त्यात सहज बसले. कायद्याचं तर्कशास्त्र असं: हे राज्य नवं नाही, जुनंच आहे; मधला काळ बेकायदा ताब्याचा. तर्क बिनतोड आहे, आणि त्याच्यापायी सात लाखांहून अधिक माणसं, म्हणजे लोकसंख्येचा पाव हिस्सा ओलांडणारी संख्या, ‘अ-नागरिक’ झाली. त्यांना स्थानिक निवडणुकीतही मत नव्हतं. एस्टोनियानं निदान तेवढं दिलं.

त्याच्या काही महिने आधी, ३ मार्च १९९१ला, ह्याच माणसांना विचारलं गेलं होतं, की स्वतंत्र लात्व्हिया हवा का? सुमारे तीन-चतुर्थांश मतं ‘हो’ म्हणाली. देशात लात्व्हियन जेमतेम निम्मे असताना ही बेरीज त्यांच्या एकट्यांच्या मतांची असू शकत नाही. देश मागायला जे मत चाललं, ते देश मिळाल्यावर चालेनासं झालं. हे मला कुठल्याही कायदेशीर तर्कानं पचत नाही.

लिथुआनियानं सरसकट सगळ्या रहिवाशांना नागरिकत्व दिलं, ह्याचे गोडवे गायले जातात. तिथे लिथुआनियन ८० टक्के होते. ज्याला परवडतं त्याच्या औदार्याची फूटपट्टी ज्याला परवडत नाही त्याला लावताना मी जरा कचरतो.

मराठी वाचकाला इथे ‘भूमिपुत्र’ हा शब्द आठवणारच. तुलना बेतानं करावी. बिहारमधून मुंबईत येणारा माणूस स्वतःच्याच देशात फिरतो. त्याच्या मागे रणगाडे नसतात. लात्व्हियनांची तक्रार मुळात रणगाड्यांबद्दल होती.

पण रणगाड्यांचा हिशेब कारखान्यातल्या फिटरच्या मुलीकडून कसा मागायचा? जेरेमी वॉल्ड्रन ह्या तत्त्वज्ञानं १९९२मध्ये एका निबंधात मांडलं, की ऐतिहासिक अन्याय परिस्थिती बदलल्यानं मागे पडू शकतो. तो विसरला जातो असं नव्हे. त्या जमिनीवर दरम्यान उभी राहिलेली आयुष्यंही आता न्यायाच्या ताजव्यात येतात. मला हे पटतं, आणि धोकादायकही वाटतं, कारण ताबा घेणारा दर वेळी नुसता वेळ काढू शकतो. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. शाळेची, कचेरीची भाषा लात्व्हियन असावी, हा हक्क समाजाचा. मत कुणाला, हा हक्क तिथे राहणाऱ्या माणसाचा. पहिला मिळवायला दुसरा ओलीस ठेवायचं कारण नव्हतं. अ-नागरिकांची नवजात मुलं आपोआप नागरिक ठरू लागली ती १ जानेवारी २०२०पासून. एकोणतीस वर्षं लागली.

ज्यांनी भाषा आणि इतिहासाची परीक्षा दिली त्यांना नागरिकत्व मिळत होतं, हे खरंच. अनेकांनी ती दिली नाही. जिथे जन्मलो तिथलं नागरिकत्व अर्ज करून काय मागायचं, असा तो ताठा. मला तो समजतो. पन्नास वर्षं शेजाऱ्याची भाषा न शिकण्यातला ताठा मात्र समजत नाही.

आता २०२१चे आकडे. लात्व्हियन ६२-६३ टक्के, रशियन २५ टक्क्यांच्या आत. टक्का दहानं वाढला. माणसं मात्र घटली: १९८९मध्ये लात्व्हियन जवळजवळ १४ लाख होते, आता १२ लाखांच्याही खाली. देशाची एकूण लोकसंख्याच १९३५च्या पातळीवर आली आहे. रशियन गेले, जन्म घटले, आणि २००४मध्ये युरोपीय संघाची दारं उघडल्यावर लात्व्हियन तरुणही आयर्लंड-ब्रिटनकडे निघाले. आयर्लंडमध्ये पाच वर्षं राहिलेला माणूस नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. त्याचे आजोबा १९४०मध्ये कुठे होते, हे त्या अर्जात विचारत नाहीत.