वारस नसण्याचे व्रत

हल्ली मोबाईलवर ब्रह्मचर्याला बरे दिवस आले आहेत. नव्वद दिवस पाळा, चेहऱ्यावर तेज चढेल, स्मरणशक्ती वाढेल, स्पर्धा परीक्षाही निघेल! दाखल्याला समर्थ रामदास ठरलेले. बोहल्यावरून पळाले, शक्ती राखली, म्हणून एवढे कार्य झाले.

समर्थांनी दासबोध जिथे सांगितला असे परंपरा मानते, ती शिवथरघळ आमच्या महाड तालुक्यातली. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. पावसाळ्यात धबधब्यापुढे शेजारच्याचे बोलणे कळत नाही. आत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत, अशा मूर्ती आहेत. सांगणारा ब्रह्मचारी, लिहिणारा ब्रह्मचारी. आणि त्या ग्रंथाच्या बाराव्या दशकाच्या आरंभी उपदेश कसला, तर आधी प्रपंच नेटका करावा, मग परमार्थाकडे वळावे. शक्तिसंचयाचा पुरस्कर्ता असे सांगेल का? त्याच्या हिशेबाने प्रपंच म्हणजे गळतीच.

हा संचयाचा सिद्धान्त शरीरशास्त्रात टिकत नाही, हे सोडून देऊ. तो आमच्या गावांतही टिकत नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले, गिरणीत खपले, शिमग्या-गणपतीला घरी आले. मागे राहिलेल्या बायकांनी तरुणपणातली वर्षेच्या वर्षे एकटीने काढली, भाताची लावणी केली, सासू-सासरे सांभाळले. त्यांच्या चेहऱ्यावरचे तेज कोणत्या वक्त्याला दिसले? नुसत्या विरहाने सिद्धी मिळत असती, तर घाटाखालच्या प्रत्येक वाडीत एक मठ उभा राहिला असता. साठवणाऱ्याचा हा परमार्थ मुळात सावकारी आहे. मुद्दल माझे, व्याजही माझेच. त्यात दुसरा माणूस येतोच कुठे?

स्त्री म्हणजे मोह, तिच्यापासून पळा, असे म्हणणाऱ्यांना मिरजेचा मठ सांभाळणाऱ्या समर्थशिष्या वेणाबाईंचे नाव पुरे. आणि सगळे ब्रह्मचर्य म्हणजे कोंडमारा, हे मत इतके आळशी आहे की त्यावर वेळ घालवू नये.

आमच्या महाडात १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ब्रह्मचर्य कोणासाठी, हा प्रश्न त्याच सत्याग्रहाच्या नेत्याने नेमका विचारला. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत आंबेडकर विचारतात, की बुद्धाने भिक्षू निर्माण केला तो कशासाठी? परिपूर्ण माणूस घडवायला, की लोकांची सेवा करणारा? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थीच ठरतो, असे त्यांचे म्हणणे. भिक्षूला बायको नाही, तसे घर नाही आणि मालमत्ताही नाही. ही तिन्ही बंधने एकत्र वाचली पाहिजेत. आपण पहिले तेवढे उचलतो आणि त्याची कवायत करतो.

माझ्या मते फरक पाहायचा तो इथे. एक ब्रह्मचर्य देह राखते, दुसरे वारसा सोडते. पहिले कोणालाही साधेल. गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा करणारा गृहस्थही ते सात दिवस पाळतो, आणि त्यात वावगे काही नाही. दुसरे अवघड, कारण पोर नसले तरी ‘माझे’ म्हणायला माणसाला पुतण्या पुरतो. खुद्द समर्थांचा संप्रदाय बघा. त्यांनी गावोगाव मठ उभारले आणि ते शिष्यांच्या हाती दिले. पण त्यांच्या मागे चाफळ-सज्जनगडच्या संस्थानाचे अधिकारपद गेले ते थोरल्या बंधूंच्या, श्रेष्ठांच्या वंशाकडे. याचा दोष समर्थांना देता येणार नाही. सनदा-इनामे आली की त्यांना नात्यातला धनी लागतोच, असा तो काळ होता. तरीही जी गोष्ट टाळण्यासाठी माणूस मांडवातून निघून गेला, ती मागच्या दाराने आत आली, हे नाकारायचे कसे?

म्हणून एखाद्या महाराजांच्या ब्रह्मचर्याची महती कोणी सांगू लागले, की मी त्यांच्या दिनचर्येची चौकशी करत नाही. ट्रस्ट कोणाच्या नावावर आहे आणि विश्वस्तांत आडनाव एकच किती वेळा येते, तेवढे विचारतो.