खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

पाठ टेकेल अशी जागा घ्या. मुंबईच्या फणसवाडीत जागेची चणचण नेहमीचीच. खोलीचा एक कोपराही पुरे. खालून हॉर्न ऐकू येतील, व्यंकटेश मंदिरातली घंटा वाजेल. वाजू द्या. जेवणाआधीचा हा थोडा वेळ तुमचा आहे.

उजवा तळहात बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर ठेवा. बरगड्या हाताला लागतात, सदरा खांद्यावरून घसरतो. गॅलरीत भेटणारं कुणी ना कुणी म्हणालेलं असतं, "किती वाळलात हो!" ते बोल अजून टोचत असतील तर टोचू द्या. उत्तर द्यायची घाई नाही. वजन का उतरलं, तेवढंच आज शांतपणे पाहू.

तुमच्या हाताखाली, जठराच्या मागे, स्वादुपिंड आहे. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर, वजन 100 ग्रॅमच्या आसपास. धडधाकट असताना ते दिवसाला लिटरभराहून जास्त पाचकरस आतड्यात सोडतं. त्याच्यातच पेशींची छोटी बेटं विखुरलेली असतात. पॉल लँगरहान्स यांनी 1869 मध्ये त्यांचं वर्णन केलं. तिथून इन्सुलिन रक्तात जातं. रस अन्न फोडतो, इन्सुलिन त्यातली साखर पेशींत पोचवतं. वर्षानुवर्षांच्या सुजेने हे पिंड झिजलं की दोन्ही कामं अडतात. तेल-तूप न पचता निघून जातं, शौचाला तेलकट होतं. साखर रक्तात साठते आणि लघवीवाटे वाया जाते. ताट रिकामं होतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.

इथे थोडं थांबा. जेवणात तुमची कसूर नव्हती. शरीराला हवं होतं ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. एक लांब श्वास घ्या आणि हा दोष स्वतःच्या माथ्यावरून उतरवून ठेवा.

आता इन्सुलिनअभावी वाळलेला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. टोरांटो, जानेवारी 1922. लेनर्ड थॉम्पसन, वय 14, वजन 30 किलोच्याही आत. मधुमेहावर तेव्हा अर्धपोटी ठेवण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. 11 जानेवारीला त्याला गुरांच्या स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई दिली. ती नीट लागू पडली नाही. अर्क अधिक शुद्ध करून 23 तारखेला पुन्हा दिली. साखर उतरली, मुलाच्या अंगात बळ येऊ लागलं. त्यानंतर तो 13 वर्षं जगला.

कमी पडलेल्या पाचकरसाच्या जागी आज पचनासाठी मिळणाऱ्या कॅप्सूलही बहुधा प्राण्याच्याच, डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी घरात मन इथे अडतं. ते अडणं खरं आहे. डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोला, परस्पर औषध सोडू नका. एका जिवाचं दुसऱ्या जिवावर केवढं ऋण असतं, यावर क्षणभर मन ठेवा.

आता ताटाकडे या. मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप, दह्याची वाटी; खात असाल तर पापलेटची तुकडी. भात पाहिला की साखरेची भीती वाटते, तूप पाहिलं की पोटाची. भीतीपोटी दोन्ही बाजूला सारलं तर वजन वाढणार कशाने? भीतीला तिचं काम द्या: वेळ सांभाळण्याचं. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, एकाहून अधिक असतील तर उरलेल्या जेवणाच्या मध्यावर, चावायची नाही. इन्सुलिन डॉक्टरांनी ठरवलं तेवढंच. भरपेट दोन जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाबरोबर शोषली जातात, तीही कमी पडतात, तपासून घ्या. स्वादुपिंडाच्या या आजारात साखर वर आणणारं ग्लुकागॉनही घटतं, म्हणून साखर अचानक खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज असू द्या. थरथर सुटली, घाम फुटला तर लगेच तोंडात टाका. दारू आणि तंबाखू मात्र कायमची बंद.

मनात दुसरी एक घाई असेल: आठवड्यात दोन किलो वाढावेत, नाक्यावरच्या विनय हेल्थ होममधली मिसळ पूर्वीसारखी चापावी. त्या घाईलाही नुसतं पाहा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर. कावीळ दिसली, दुखणं वाढलं किंवा औषध चालू असूनही वजन उतरतच राहिलं, तर थांबू नका, दाखवायला जा.

डॉक्टरांकडे जाताना वजनाच्या आकड्यासोबत एवढंही लिहून न्या: शौचाचा तेलकटपणा कमी झाला का, जिना न थांबता चढता येतो का, चौपाटीपर्यंत चालून परतताना दम उरतो का. पचन सुधारल्याच्या खुणा बहुधा इथे आधी दिसतात. काटा मागाहून हलतो. त्या खुणा तुमच्या कष्टाच्या आहेत. त्यांचा आनंद किलो भरेपर्यंत राखून ठेवू नका.