मदतीची हद्द

डोंगरातल्या अल्ट्रामॅरेथॉनमध्ये मदतीलाही हद्द आखून दिलेली असते. मों ब्लां पर्वताला फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून वळसा घालणारी यूटीएमबी ही शर्यत घ्या. सुमारे १७० किलोमीटर अंतर, जवळपास १०,००० मीटरची चढाई आणि मुदत साडेसेहेचाळीस तास. घरचं माणूस वाटेत भेटायचं ते ठरावीक ठिकाणीच, आणि तिथल्या मदतीच्या तंबूत सोडतात एकालाच. हद्दीबाहेर मदत घेतली की दंड. सोबत धावून वेग राखायला मदत करणारा पेसरही चालत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीत मात्र शंभर मैलांपैकी शेवटच्या मोठ्या टप्प्यात पेसर चालतो. ‘स्वतःच्या बळावर’ कशाला म्हणायचं, याबाबत धावणाऱ्यांच्या जगातही एकमत नाही.

नियम पाळणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी तंबूत लागते. रात्रभर धावून आलेला माणूस बाकावर कोसळतो. तळव्यांना फोड, पोटात ढवळतंय, घास गिळवत नाही. ‘आता नाही होत,’ म्हणतो. परका स्वयंसेवक सहज म्हणून जाईल, ‘ऊठ, होईल.’ घरच्या माणसाची जीभ तिथे अडखळते, कारण त्याची माया ‘पुरे झालं’ म्हणायला टपलेलीच असते. ती गिळून मोजे बदलायचे, बाटल्या भरायच्या आणि डोळे उघडे ठेवायचे. नुसता थकवा असेल तर उठवायचं. बोलणं भरकटत असेल, लघवी चहासारखी काळपट होत असेल, तर हट्टाने थांबवायचं. हा निवाडा करणारा स्वतःही रात्रभर जागलेलाच असतो.

या मदतीमुळे धावणाऱ्याचं श्रेय कमी होतं का? २०१८ साली ब्रिटनच्या सोफी पॉवर तीन महिन्यांचं बाळ असताना यूटीएमबी धावल्या. इटलीतल्या कुर्मायरला पोहोचेपर्यंत सोळाएक तास झाले होते. नवरा बाळाला घेऊन तिथे हजर होता. एका बाजूला बाळ दूध पितंय, दुसऱ्या बाजूला दूध काढायचा पंप, शेजारी एक धावपटू आडवा पडलाय, हा फोटो जगभर फिरला. नवऱ्याने त्यांच्या वाटचा एक मीटरही चढ कमी केला नाही. त्यांना तो चढता यावा, एवढीच सोय केली. मुदतीच्या आत त्यांनी शर्यत पुरी केली. त्याआधी एकदा गरोदरपणामुळे त्यांना यूटीएमबीतली जागा सोडावी लागली होती. दुखापत झालेल्याला प्रवेश पुढे ढकलता येई, गरोदर बाईला नाही.

फोटो गाजला, कारण तंबूत बसलेली धावपटू आई होती. बाप धावतोय आणि आई मूल कडेवर घेऊन कुठल्याशा थांब्यावर ताटकळतेय, याची बातमी कोण करतं? घरच्यांच्या पाठिंब्याचं कौतुक खुशाल करावं. पण पदक गळ्यात पडल्यावर एक प्रश्न घरात विचारायलाच हवा: पुढच्या वर्षी धावायचं कोणी, आणि मूल कोणी सांभाळायचं?