चौथे चित्र

'कॅच बुल अ‍ॅट फोर' हे शब्द प्रथमच कानी पडणाऱ्याचा असा समज होणे स्वाभाविक आहे, की चार वाजता कोणाचा तरी सुटलेला बैल धरावयाचा आहे; आणि कॅट स्टीव्हन्स या लंडनच्या गायक-गीतकाराने १९७२ साली आपल्या सहाव्या तबकडीला हे नाव दिले तेव्हा ती हातोहात खपविणाऱ्या दुकानदारांपैकी फारच थोड्यांना या चाराचा उलगडा झाला असेल, असे मला वाटते. हा चार घड्याळातला नव्हे. बाराव्या शतकात चीनमध्ये क्वो-आन नावाचा एक ध्यानमार्गी आचार्य होऊन गेला. जपानी परंपरा त्यास काकुआन म्हणते. रानात हरवलेल्या बैलाच्या शोधार्थ निघालेल्या गुराख्याची दहा चित्रे आणि त्यांवरील पद्ये त्याच्या नावावर आहेत, आणि त्या मालिकेतील चौथ्या चित्रात बैल प्रथमच हाती लागतो. आपला 'ध्यान' हा शब्दच चीनमध्ये 'चान' व जपानात 'झेन' होऊन नांदला असल्यामुळे हे प्रकरण आपणांस सर्वस्वी परके मानण्याचे कारण नाही.

पहिल्या चित्रात शोध, दुसऱ्यात पाउलखुणा, तिसऱ्यात झाडीतून दिसलेले ओझरते दर्शन. चौथ्यात गळ्याला कासरा पडतो खरा, पण ज्याने खोंड धरला असेल त्यास ठाऊक असते, की कासरा पडणे म्हणजे खोंड वश होणे नव्हे. उलट आजवर दुरून चरणारा तो प्राणी आता सर्व बळ एकवटून ओढू लागतो, कुरणाची आठवण त्याला सुटत नाही, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाशी फरफटणाऱ्या माणसास धरणारा कोण व धरलेला कोण याचा निवाडा करता येत नाही. वेसण, दमन, पाठीवर बसून बासरी वाजवीत घरी परतणे हे सारे पुढचे. सातव्यात बैल विसरला जातो, आठव्यात गुराखीही मावळतो आणि कागदावर केवळ एक रिकामे वर्तुळ उरते. क्वो-आनपूर्वीच्या काही मालिका या शून्यापाशीच विराम पावत. त्याने त्यापुढे दोन चित्रे जोडली. नवव्यात झरा वाहतो आणि फुले फुलतात, एवढेच. आणि दहाव्यात तोच मनुष्य उघड्या छातीने, अनवाणी, बाजारात शिरतो.

हा बैल म्हणजे काय, याविषयी एक खुलासा अवश्य आहे. आपण तो चटकन चंचल मन म्हणून समजतो, कारण मनाला ओढाळ गुराची उपमा देणे आपल्या अंगवळणी पडले आहे. झेन परंपरेत तो त्याहून अधिक आहे: तो शोधणाऱ्याचे मूळ स्वरूपच आहे, जे कधी हरवलेलेच नव्हते. म्हणजे गुराखी ज्याला दोरी लावतो ते त्याचे स्वतःचेच सत्त्व, आणि जे ओढते तेही तेच.

स्टीव्हन्सचे मूळ नाव स्टीव्हन डिमीटर जॉर्जिऊ. वडील सायप्रसचे ग्रीक, आई स्वीडिश, शाळा कॅथलिक, आणि घर लंडनच्या नाटकगृहांच्या वस्तीतील वडिलांच्या उपाहारगृहावर. अठरा-एकोणिसाव्या वर्षीच गाणी गाजली आणि लगोलग क्षयाने अंथरुणास खिळविले. त्या आजारातील सक्तीच्या एकांतात ध्यान आणि अध्यात्म यांवरील ग्रंथ त्याच्या हाती आले. आजारातून उठल्यावर १९७० व १९७१ या दोन वर्षांत त्याने ज्या तीन तबकड्या दिल्या, त्यांत गिटारीच्या मंद साथीवर एक तरुण आपल्याशीच बोलतो आहे असा भास होतो. १९७२ च्या तबकडीचा स्वर मात्र अधिक रेटीव आहे. पियानो पुढे आला आहे, आवाज क्वचित ओरडण्याच्या सीमेवर जातो. प्रारंभीच्या गीताचे नाव 'सिटिंग', म्हणजे आसनस्थ होणे. आणि तीच बाजू संपते ती 'कान्ट कीप इट इन' या गीताने, ज्याच्या नावाचाच अर्थ 'आत कोंडून धरवत नाही' असा. बसण्याने आरंभ आणि न धरवण्याने शेवट! शीर्षकाने केलेला दावा गीतांच्या क्रमानेच असा सिद्ध केलेला मी अन्यत्र क्वचित पाहिला आहे. दुसऱ्या बाजूस 'ओ कारितास' हे गीत लॅटिन भाषेत आहे. तरुण श्रोत्यांपैकी किती जणांना ते कळले असेल हा प्रश्न निराळा. पण प्रार्थनेची भाषा शोधणाऱ्यास आपल्या मायबोलीतून बाहेर जावेसे वाटावे, हे त्या वयाला शोभणारेच आहे.

माझ्या दृष्टीने या तबकडीचे खरे धारिष्ट त्या आकड्यात आहे. चोवीस वर्षांचा, जगभर वाखाणला गेलेला गायक आपण पोहोचलो असे म्हणत नाही. तो चार म्हणतो. हा दाखला नव्हे, कबुलीजबाब आहे. परंतु येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती केवळ त्या गायकापुरती नाही. ज्याच्या हातात दोरी नुकतीच आली आहे, त्याने ती बाजारात आणावी काय? क्वो-आनच्या क्रमात बाजार दहावा आहे. या तरुणाच्या वाट्याला तो चौथ्यापूर्वीच आला. अमेरिकेतील विक्रीच्या तक्त्यात ही तबकडी तीन आठवडे अग्रस्थानी होती. ओढाळ खोंड गजबजलेल्या पेठेत वळवणे कोणत्याही गुराख्यास साधत नाही. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणजे तो खोंडाच्या बळासाठी आहे की धरणाऱ्याच्या धीरासाठी, हे मंचावर उभ्या असलेल्या माणसास कोणी सांगत नाही.

पुढील हकीकत बहुश्रुत आहे. मालिबूच्या समुद्रात बुडता बुडता त्याने परमेश्वरास साद घातली आणि एका लाटेने त्यास किनाऱ्याकडे लोटले. भावाने जेरुसलेमहून आणलेली कुराणाची प्रत त्याच्या हाती पडली. १९७७ च्या डिसेंबरात त्याने इस्लामचा स्वीकार केला, पुढे यूसुफ इस्लाम हे नाव धारण केले आणि १९७८ च्या 'बॅक टू अर्थ' या तबकडीनंतर गिटार खाली ठेवली. वाद्यसंगीताच्या धर्म्यतेविषयी इस्लामी शास्त्रकारांत मतभेद आहेत, आणि त्याने त्या वेळी कठोर पक्ष पत्करला. लंडनमध्ये मुलांसाठी शाळा काढली. चाहत्यांनी यास कलेचा घात म्हटले. नामसंकीर्तनालाच साधन मानणाऱ्या वारकरी संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकालाही गाणे टाकून देव गाठण्याची ही तजवीज प्रथम उफराटी वाटते; मलाही ती दीर्घकाळ तशीच वाटली. पण कीर्तनकाराचा बाजार निराळा होता, तेथे गाणाऱ्याची मूर्ती भिंतीभिंतीवर चिकटवली जात नव्हती. चौथ्या चित्राच्या प्रकाशात पाहिले असता असे दिसते, की त्याने गाण्याचा त्याग केला त्यापेक्षा पेठेचा त्याग केला, आणि दोन्ही एकमेकांत इतकी गुंतली होती की एक सोडल्यावाचून दुसरी सुटेना. यात गाण्यावर थोडा अन्याय झाला, हे मला कबूल करावे लागते. बैल सुटला तो कासऱ्याच्या दोषाने नव्हे.

अठ्ठावीस वर्षांनी, २००६ साली, 'अ‍ॅन अदर कप' ही तबकडी घेऊन तो परतला. दरम्यान घरात मुलाने गिटार आणून ठेवली होती आणि बापाची बोटे तिच्याकडे वळली होती. हे दहावे चित्र मानावे काय? हा मोह मला होतो. पण मालिकेनेच त्याला आडकाठी घातली आहे. बाजारात शिरलेल्या त्या अनवाणी माणसाच्या कपाळी कसलीही निशाणी नाही. तो इतरांसारखाच दिसतो, हाच त्या चित्राचा मर्मभाग. तेव्हा पेठेत परतलेला गवई सिद्ध आहे की केवळ परतला आहे, याचा फैसला बाहेरच्यास करता येणार नाही, आणि कदाचित त्याला स्वतःलाही नाही.

२०२० साली त्याने आपली अर्धशतकापूर्वीची 'टी फॉर द टिलरमन' ही तबकडी नव्याने गायिली. तीतील पिता-पुत्रांच्या संवादात पुत्रासाठी त्याने १९७० सालचा आपलाच ध्वनिमुद्रित आवाज वापरला, आणि पित्यासाठी आपला सत्तरीतला. दोन कंठ एकाच माणसाचे. एकास घराबाहेर पडावयाचे आहे, दुसरा त्यास जरा थांब म्हणतो आहे. मी ते ऐकताना दरवेळी त्या चौथ्या चित्राकडे पाहतो, आणि दोरीच्या कोणत्या टोकाशी कोणता आवाज आहे हे ठरवण्याचा नाद अजून मला सोडवत नाही.