सहचार आणि संबंध

मेंदूचे दोन दूरचे भाग एकाच लयीत कमीअधिक सक्रिय होताना दिसले, तर त्यांच्यात खरोखर नाते आहे असे कशाच्या आधारावर म्हणावे, हा मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्यांपुढचा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ या छोट्या ग्रंथात असे प्रतिपादले की, वस्तू असतात, पण त्यांच्यामध्ये संबंध नावाचा वेगळा पदार्थ कोठेही सापडत नाही. ती बुद्धीने केलेली जोडणी असते.

1995 मध्ये भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, माणूस एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून असतानाही हालचालींचे नियमन करणाऱ्या डाव्या व उजव्या भागांतील संकेत बरोबरीने चढतात आणि उतरतात. अशा सहचाराला कार्यात्मक संबद्धता म्हणतात. मात्र हे यंत्र चेतापेशींचे कार्य थेट मोजत नाही, तर रक्तातील प्राणवायूशी निगडित बदल टिपते, आणि त्यामुळे श्वास, नाडी व डोक्याची अगदी सूक्ष्म हालचालही अनेक भागांत एकदमच उमटते.

नद्यांचे उदाहरण घेऊ. कराडला मिळणाऱ्या कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. पावसाळ्यात दोघींचे पाणी एकाच सुमारास चढते, पण संगमाच्या बरेच वर एकीचा पूर दुसरीला कारण नसतो. दोघींचे कारण घाटमाथ्यावरचा पाऊस असते. याउलट कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडवरून सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पोहोचते, तेव्हा त्या चढाला मार्ग असतो, क्रम असतो आणि विलंबही असतो. केवळ आकडे पाहणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणी सहचारच दिसेल.

धर्मकीर्तीचा आग्रह हाच होता की सहदर्शन, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र दिसणे, अनुमानाला पुरेसे नाही. एक दुसरीपासून उत्पन्न झालेली असावी किंवा दोघींचे स्वरूप एकच असावे. आजचा संशोधक त्यासाठी मज्जातंतूंचे मार्ग शोधतो, किंवा एका भागाला बाहेरून चुंबकीय उत्तेजन देऊन दुसरा प्रतिसाद देतो का हे पाहतो. तरीही गणिताचा धोका उरतोच: प्रत्येक भागाच्या संकेतातून संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत काढून टाकला की काही भागांत विरोधी संबंध त्या वजाबाकीतूनच निर्माण होऊ शकतो, आणि मग तो विरोध मेंदूतला की मोजणाऱ्याच्या रीतीतला, हे केवळ त्या चित्रावरून सांगता येत नाही. संबंध बुद्धी जोडते, या इशाऱ्याचे मोल येथे कळते.

कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील साठांहून अधिक लेणी ज्या बौद्ध परंपरेची आहेत, ती व्यक्तीला नित्य आत्मा न मानता परस्परावलंबी घटनांचा प्रवाह मानते. सहचार दाखवणाऱ्या भागांच्या, म्हणजे मेंदूच्या जाळ्यांनी ही अनात्मदृष्टी सिद्ध झाली असे म्हणण्याचा मोह सहज होतो, तसाच स्वतःविषयी विचार करताना सक्रिय होणाऱ्या जाळ्यात अहंकाराचे स्थान सापडले असे म्हणण्याचाही होतो. हे दोन्ही दावे उतावीळ आहेत, कारण सहचारातून आत्म्याचे असणे किंवा नसणे निष्पन्न होत नाही. ध्यानाने हे जाळे बदलते असे सांगणाऱ्या अभ्यासाला तर आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: ध्यानात श्वास संथ होतो, आणि संथ श्वासाने यंत्रातील संकेतही बदलतो, तेवढा भाग वेगळा केल्यावर काय उरले?